हजर राहिलेल्या कर्मकराचें वेतन : कौटिल्याच्या एका निर्णयाची चिकित्सा

(१)

आपल्या धर्मशास्त्रकारांनीं व्यवहाराचीं, म्हणजे न्यायासनापुढें येणाऱ्या वादांचीं, अठरा पदें सांगितलीं आहेत. त्यांपैकीं दायविभागावर आमच्या विद्वानांनीं पुष्कळ श्रम केले. कारण इंग्रजी अंमलांत न्यायालयांस त्याचें रोजचें प्रयोजन पडे. वेतनाचें पद मात्र त्या मानानें उपेक्षित राहिलें. धनी आणि चाकर, शेतकरी आणि त्याचा गडी, घर बांधणारा आणि त्याचा सुतार यांच्यामध्यें तंटा पडला असतां तो कोणीं, कशाच्या आधारें आणि कोणत्या मापानें मिटवावा, हा प्रश्न जुन्या ग्रंथकारांस क्षुद्र वाटला नव्हता. मनूनें वेतन न देणें आणि गुरांचा धनी व गुराखी यांचा वाद हीं दोन स्वतंत्र पदें मानलीं. नारदानें सेवा पत्करून ती न करणें हें एक आणि वेतन न देणें हें दुसरें, असे दोन विभाग केले. कौटिल्यानें धर्मस्थीय नामक तिसऱ्या अधिकरणाचे तेरावा व चौदावा हे अध्याय बव्हंशीं दास आणि कर्मकर यांस दिले. कर्मकर म्हणजे मोलानें काम करणारा स्वतंत्र मनुष्य. दासाहून तो निराळा, हें आरंभींच ध्यानांत ठेवावें.

ह्या नियमांकडे वळणारे वाचक आज दोन प्रकारचे आढळतात. पहिल्यास प्राचीनांचा अभिमान असतो. तो शुक्रनीतींतून आजारी चाकराच्या वेतनाचे, रजेचे आणि चाळीस वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या अर्ध्या वेतनाचे नियम काढून दाखवितो, आणि पेन्शन व बोनस हीं आमच्याकडे पूर्वींच होतीं असें सांगून समाधान पावतो. दुसरा कौटिल्याच्या सूत्राध्यक्षप्रकरणांतील, वेतन घेऊन सूत न कातणाऱ्या स्त्रीस सांगितलेला अंगठ्याच्या छेदाचा दंड पुढें करतो, आणि सगळें प्रकरण निर्दय ठरवून बाजूस सारतो. दोघेही आपणांस हवें तेवढें वेंचून घेतात. प्रत्यक्ष वाद काय होता, त्याला दोन बाजू कोणत्या होत्या आणि ग्रंथकारानें एक बाजू कां उचलून धरली, हें पाहण्याची तसदी कोणीच घेत नाहीं.

प्रस्तुत लेखांत अशा एकाच वादाचा विचार करावयाचा आहे. ठरल्या वेळीं कर्मकर कामावर हजर झाला, परंतु धन्यानें त्यास काम दिलें नाहीं. तर त्या दिवसाचें वेतन देणें लागतें कीं नाहीं? ह्या प्रश्नावर कौटिल्यानें आपल्या पूर्वींच्या आचार्यांचें मत उल्लेखून तें अमान्य केलें आहे. आमच्या मतें ह्या एका ठिकाणीं आचार्यांचें म्हणणें अधिक न्यायाचें आहे, आणि कौटिल्याच्याच इतर नियमांवरून तें सिद्ध करतां येतें.

(२)

कौटिलीय अर्थशास्त्र आर. शामशास्त्री यांनीं म्हैसूर येथें १९०९ सालीं प्रथम छापून प्रसिद्ध केलें व १९१५ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर दिलें. पुढें गणपतिशास्त्री यांची सटीक आवृत्ति त्रिवेंद्रमहून निघाली, आणि १९६० ते १९६५ ह्या काळांत रा. प. कंगले यांचें संहिता, भाषांतर व अभ्यास असें तीन भागांचें काम मुंबई विद्यापीठानें प्रसिद्ध केलें. ग्रंथाच्या काळाविषयीं व कर्तृत्वाविषयीं मतभेद आहेत. परंतु आपला प्रश्न न्यायाचा असल्यामुळें त्या वादांत शिरण्याचें कारण नाहीं. ग्रंथकर्त्यास परंपरेप्रमाणें कौटिल्य म्हणून पुढें जाऊं.

कौटिल्याचा पहिला नियम वाद उत्पन्न होण्यापूर्वींचा आहे. कर्मकर कोणाच्या कामावर व कोणत्या बोलीवर राहिला, हें आसपासच्या लोकांस ठाऊक असावें, असें तो सांगतो. बोली झाली असेल तर बोलीप्रमाणें वेतन मिळावें. झाली नसेल तर काम व काळ पाहून मिळावें. बोली न करतां ठेवलेल्या नांगऱ्यास पिकाचा, गुराख्यास तुपाचा आणि व्यापाऱ्याच्या माणसास मालाचा दहावा हिस्सा त्यानें लावून दिला आहे. याज्ञवल्क्यानेंही वेतन न ठरवितां काम करून घेणाऱ्याकडून दहावा हिस्साच देवविला आहे, आणि तो राजानें देववावा असें म्हटलें आहे. ह्यांतील मर्म असें, कीं बोली मोघम ठेवण्याचा फायदा धन्यास मिळूं द्यावयाचा नाहीं. आधीं काम करून घेऊं, मग देऊं काय द्यायचें तें, असें म्हणणाऱ्या धन्याचें तोंड ह्या दहाव्या हिश्शानें बंद होतें.

कारागीर, नट, वैद्य, कथा सांगणारे वगैरे लोक मोबदल्याच्या आशेनें काम करतात. त्यांच्याविषयीं कौटिल्य म्हणतो, कीं त्याच धंद्यांतील इतरांस जें मिळतें तें, अथवा त्या कामांतील जाणकार जें ठरवतील तें, त्यांस द्यावें. वाद पडलाच तर साक्षीदारांवरून निर्णय व्हावा. साक्षीदार नसतील तर जेथें काम झालें तेथें जाऊन चौकशी करावी. शेजारी, समव्यवसायी, जाणकार, साक्षी व कामाची जागा, असा हा क्रम वाचकांनीं नीट पाहावा. धन्याची स्वतःची समजूत हा पुरावा ह्या सबंध मालिकेंत कोठेंच येत नाहीं. मजुरी देणारा हात आणि न्याय करणारें तोंड एकाच देहाचें असूं नये, हें तत्त्व येथें न सांगतां पाळलेलें आहे.

आपल्याकडे सालगड्याची बोली गुढीपाडव्यास, खानदेशांत अखजीस, चार माणसांदेखत करण्याची जी चाल आहे, तिचें बीज अशाच गरजेंत आहे. त्या चौघांचें काम शोभेचें नसतें; वर्षाच्या मध्यें गडी एक बोलला आणि मालक दुसरें बोलला, तर खरें काय तें सांगणारें कोणी असावें, एवढ्यासाठीं त्यांस बसवावयाचें असतें.

मनूच्या धनी व गुराखी यांच्या प्रकरणांत हीच दृष्टि निराळ्या रूपानें दिसते. दिवसां गुरांची जबाबदारी गुराख्याची, आणि रात्रीं गुरें धन्याच्या घरीं असतील तर धन्याची. दुर्लक्षामुळें जनावर हरवलें अथवा खड्ड्यांत पडून मेलें तर गुराख्यानें भरून द्यावें. चोरांनीं उघड उघड हांकून नेलें व गुराख्यानें वेळेवर वर्दी दिली तर त्याच्याकडे दोष नाहीं. जनावर आपोआप मेलें तर त्याचे कान, कातडें, शेपूट वगैरे धन्यास आणून दाखवावें. कोणाची जबाबदारी कोठें संपते आणि पुरावा कोणता चालेल, हें आधींच ठरलें म्हणजे संशयास जागा उरत नाहीं. आणि धनी व चाकर यांच्या बहुतेक भांडणांचें मूळ लोभाहूनही संशयांत असतें.

(३)

आतां दंडांकडे वळूं. वेतन न देणाऱ्या धन्यास कौटिल्यानें वेतनाचा दहावा भाग अथवा ६ पण दंड सांगितला आहे. देणेंच नाकबूल करणाऱ्यास १२ पण अथवा पांचवा भाग. उलट पक्षीं, वेतन घेऊन काम न करणाऱ्या कर्मकरास १२ पण दंड आहे आणि शिवाय काम पुरें होईपर्यंत त्यास अडकवून ठेवण्याची मुभा आहे. येथें तराजू धन्याच्या बाजूस झुकलेला आहे हें कबूल केलें पाहिजे. धन्याची चूक पैशानें फिटते. कर्मकराची चूक पैसा आणि देह दोहोंनीं फेडावी लागते. मात्र लगेच पुढें कौटिल्यानें सवलतीही दिल्या आहेत. कर्मकर असमर्थ झाला असेल, काम निंद्य असेल, तो आजारी असेल अथवा संकटांत सांपडला असेल, तर त्यास करारांतून मोकळीक मिळते, किंवा दुसऱ्याकडून काम करवून देतां येतें. मनूनेंही निरोगी असून केवळ उर्मटपणानें काम न करणाऱ्याचें वेतन बुडविलें असलें, तरी आजारी पडलेला बरा होऊन ठरलेलें काम पुरें करील तर कितीही काळ लोटला असला तरी त्याचें वेतन त्यास मिळालेंच पाहिजे, असें बजावलें आहे.

ह्या पार्श्वभूमीवर आपला प्रश्न येतो. आचार्यांचें मत असें : कर्मकर हजर झाला आणि धन्यानें काम दिलें नाहीं, तर तें काम झालें असेंच समजावें. कौटिल्य म्हणतो, तसें नाहीं. वेतन केलेल्या कामाचें असतें, न केलेल्या कामाचें नसतें. परंतु धन्यानें थोडेंसें जरी काम करवून घेतलें आणि पुढचें थांबविलें, तर मात्र सर्व काम झालें असें धरावें.

कौटिल्याच्या निर्णयांतील गुण प्रथम सांगितला पाहिजे. काम एकदां सुरू झालें कीं तें अर्ध्यावर मोडण्याचा तोटा त्यानें धन्याच्या माथीं मारला आहे, आणि तोही पुरा. अर्धें काम करवून घेऊन अर्धी मजुरी टेकविणारा धनी ह्या नियमानें सांपडतो. पण ह्याच नियमाची दुसरी बाजू अशी, कीं दहा फळ्या रंधून झाल्यावर काम थांबविणारा धनी पूर्ण वेतन देतो, आणि एकही फळी न देतां दिवसभर अंगणांत बसवून ठेवणारा धनी कांहीं देत नाहीं. म्हणजे थोडें तरी काम देण्याची तयारी ठेवणाऱ्यापेक्षां मुळींच तयारी न ठेवणारा सुटतो. जो नियम निष्काळजीपणास बक्षीस देतो तो कितीही आटोपशीर असला तरी न्यायाचा म्हणतां येत नाहीं.

कौटिल्याच्या बाजूनें एक समर्थन संभवतें, आणि तें त्याच्याच ग्रंथांत आहे. धन्यानें दुसऱ्याकडून काम करवूं नये आणि कर्मकरानें दुसऱ्याचें काम करूं नये, असा परस्पर निर्बंध ठरला असेल, तर काम न देणारा धनी आणि काम न करणारा कर्मकर या दोघांसही सारखाच १२ पण दंड त्यानें सांगितला आहे. तेव्हां कौटिल्याचें मनोगत असें मानतां येईल, कीं कर्मकर एका धन्यास बांधला गेला असेल तर काम न देणें हा अपराध. तो मोकळा असेल तर अपराध नाहीं, कारण त्यानें दुसरीकडे जावें. हें समर्थन वरवर सुसंगत आहे. पण आचार्यांचा वाद सकाळीं ठरल्या जागीं हजर झालेल्या मनुष्याविषयीं आहे. त्या दिवसापुरता तो बांधलेलाच असतो. ज्या घटकेस त्यानें ह्या अंगणांत पाऊल टाकलें, त्याच घटकेस दुसऱ्या अंगणांतील काम दुसऱ्या कोणास मिळालेलें असतें. निर्बंध शब्दांनीं व्हावा लागतो असें नाहीं. तो हजेरीनेंही होतो. कौटिल्यानें आपलाच निर्बंधाचा नियम एका दिवसाच्या मापानें लावून पाहिला असता, तर तो आचार्यांच्या पंक्तीस येऊन बसला असता.

इतर स्मृतिकारांचा कल पाहिला तरी हेंच दिसतें. याज्ञवल्क्यानें वाटेंत ओझें टाकून जाणाऱ्या हमालास अंतराच्या प्रमाणांत दंड सांगितला : निघतांना सोडल्यास वेतनाचा सातवा भाग, वाट चालूं लागल्यावर चौथा, अर्ध्या वाटेवर सर्व. आणि त्याच श्लोकांत, ज्याच्यामुळें काम सोडावें लागलें त्या धन्यासही तोच दंड लावला. कात्यायनानें ह्याच्याही पुढें जाऊन, थकलेल्या अथवा आजारी सोबत्यास वाटेंत टाकणाऱ्या व गांवांत तीन दिवस त्याची काळजी न घेणाऱ्या धन्यास पूर्वसाहस दंड सांगितला. बृहस्पतीच्या मतें, धन्याच्या आज्ञेनें त्याच्याच कामासाठीं भृत्यानें अनुचित कर्म केलें तर त्यांत अपराधी धनी. ह्या सर्व नियमांचें सूत्र एकच : काम कां मोडलें हें विचारा, आणि ज्यानें मोडलें त्याच्याकडून भरून घ्या. काम झालें कीं नाहीं, एवढेंच विचारून हे ग्रंथकार थांबत नाहींत. कौटिल्य मात्र ह्या एका सूत्रांत तेथेंच थांबला.

(४)

हा निर्णय प्रस्तुत लेखकानें एकदां पुस्तकाबाहेर लावून पाहिला आहे; त्याची हकीकत येथें सांगितल्यास अप्रस्तुत होणार नाहीं असें वाटतें.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीं मी एका शाळेचा मुख्याध्यापक होतों. उन्हाळ्याच्या सुटींत मोडके बांक दुरुस्त करून घ्यावयाचे होते. एका सुतार-मिस्त्रीस थोडी उचल दिली, सोमवारी सकाळीं आठास या म्हणून सांगितलें, आणि वखारींतून लांकूड येईल असें गृहीत धरून स्वस्थ बसलों. सोमवारीं मिस्त्री एका जोडीदारासह आठाच्या आधींच आले. लांकूड आलें नाहीं. दुपारीं एक वाजतां मीं त्यांस परत जाण्यास सांगितलें. मिस्त्रींनीं दोघांची अर्धी मजुरी मागितली. मीं म्हटलें, "मिस्त्री, एक खिळा ठोकला नाहीं तुम्हीं, मजुरी कशाची?" आणि मनांत कौटिल्याचें सूत्र आठवून, आपण शास्त्राला धरून बोललों ह्याचें समाधानही मानलें.

मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, आजचा दिवस मी तुम्हांला दिला होता. तो आतां कोणाला विकूं?"

ह्यावर मला उत्तर सुचलें नाहीं, म्हणून राग आला. दुसऱ्या दिवशीं लांकूड आलें. मिस्त्री आले नाहींत. मीं उचल परत मागितली. त्यांनीं ती त्या दिवसाच्या मजुरींत वळती झाली असें कळविलें. आठवडाभर निरोप जात येत राहिले आणि प्रत्येक निरोपाबरोबर शब्द चढत गेले. शाळेची समिति माझ्या बाजूची होती. बाहेरचे कोणी नव्हते. म्हणजे वादी मी, न्यायाधीश मी आणि पंच माझे.

अखेर तंटा मिटविला तो शाळेच्या जुन्या शिपायानें. एके संध्याकाळीं दारें लावून झाल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, तुम्हीं वार आणि वेळ ठरवून दिलीत तेव्हां मी तिथेंच होतों. लांकूड आलें नाहीं तर येऊं नका, असें तुम्हीं कांहीं बोलला नव्हतां." कौटिल्यानें सांगितलेला शेजारचा माणूस तो हाच. सूत्र मी तीस वर्षें वाचीत होतों. साक्षीदार दाराशीं उभा होता आणि त्यास विचारावें असें मला सुचलें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं मी स्वतः मिस्त्रींच्या घरीं गेलों. दोघांची अर्ध्या दिवसाची मजुरी दिली आणि उचल पुढच्या कामांत धरली. बांक शाळा उघडण्यापूर्वीं तयार झाले. मिस्त्रींनीं त्यानंतर शाळेचीं कामें बरींच केलीं. पण दरवेळीं काम ठरवितांना ते शिपायास बोलावून घेत. त्यांत टोमणा होता कीं शहाणपण होतें, हें मीं कधीं विचारलें नाहीं.

(५)

आचार्यांचें मत कौटिल्यानें खोडलें तरी तें नष्ट झालें नाहीं. आपल्या देशाच्या औद्योगिक विवाद कायद्यांत तें दुसऱ्याच वाटेनें परत आलें. हा कायदा १९४७ चा. त्यांत १९५३ सालीं जीं कलमें घालण्यांत आलीं त्यांत 'ले-ऑफ'ची, म्हणजे काम नसल्यामुळें कामगारास बसवून ठेवण्याची, व्याख्या आहे. कोळसा, वीज वा कच्चा माल यांची टंचाई, यंत्राचा बिघाड अशा कारणांनीं मालक काम देऊं शकला नाहीं, आणि नेमल्या वेळीं हजर झालेल्या कामगारास दोन तासांच्या आंत काम मिळालें नाहीं, तर तो त्या दिवसापुरता बसविला गेला असें मानावें, असें ती सांगते. त्यास पाळीच्या उत्तरार्धांत पुन्हां हजर होण्यास सांगून काम दिलें तर अर्धाच दिवस बसविला असें धरावयाचें. आणि पुन्हां हजर होऊनही काम न दिलें तर दिवसाच्या त्या भागाचें पूर्ण वेतन द्यावयाचें. बसविलेल्या दिवसांची भरपाई मूळ वेतन व महागाईभत्ता यांच्या निम्मी ठरविली आहे.

माझ्या सोमवारच्या तंट्याशीं हें किती जुळतें पाहा : कच्चा माल आला नाहीं, कामगार हजर, आणि निवाडा अर्ध्या मजुरीचा. आचार्यांनीं पूर्ण वेतन दिलें असतें, कौटिल्यानें शून्य; कायद्यानें मध्य गांठला. हा मध्य वाजवी आहे. मालाची टंचाई हा मालकाचाही दोष नसेल. तेव्हां दोघांच्या नसलेल्या दोषाचा भार दोघांनीं उचलावा, हें समजण्यासारखें आहे.

परंतु ह्या कायद्यास एक मर्यादा होती. भरपाईचा हक्क निदान ५० कामगारांच्या आस्थापनेंत, वर्षभर अखंड नोकरी झालेल्या कामगारास; बदली व नैमित्तिक कामगार त्यांतून वगळलेले. औद्योगिक संबंध संहिता २०२० सालीं झाली व २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आली. तिनेंही हजेरीची तीच व्याख्या आणि ही मर्यादा, दोन्ही ठेवलीं. याचा अर्थ असा, कीं मोठ्या कारखान्याच्या हजेरीपटावर ज्याचें नांव आहे त्यास आचार्यांचा न्याय अर्धा तरी लाभतो. आणि आमच्या शहरांत सकाळीं मजूरनाक्यावर उभा राहणारा गवंडी, रंगारी वा सुतार, ज्याची सारी मिळकत त्या एका दिवसावर आहे, तो भरपाईच्या ह्या नियमाबाहेरच राहतो. त्याच्या बाबतींत कौटिल्याचें सूत्र अजून चालूं आहे. आणि तें चालवितो राजा नव्हे, तर तुमच्या-आमच्यासारखा एखाद-दोन माणसें कामास लावणारा गृहस्थ.

(६)

आतां आरंभीं उल्लेखिलेल्या दोन वाचकांस उत्तर देतां येईल.

अभिमानी वाचकास हें सांगावयाचें, कीं शुक्रनीतीचा आधार घेण्यापूर्वीं तिचा काळ पाहावा. तींत बंदुकींचीं व दारूचीं वर्णनें आहेत हें सर्वविश्रुत आहे, आणि लल्लनजी गोपाल यांनीं १९६२ सालीं ही रचना एकोणिसाव्या शतकांतील असल्याचें प्रतिपादन केलें आहे. ज्या ग्रंथाच्या प्राचीनत्वावरच असा आक्षेप आहे त्यावर प्राचीनांचा गौरव उभारणें म्हणजे भुसभुशीत जमिनींत पाया घालणें होय. गौरवच करावयाचा तर कात्यायनाच्या त्या तीन दिवसांचा करावा. तो नियम लहान आहे, पण वाटेंत टाकलेल्या माणसाच्या उपयोगी पडणारा आहे.

निंदक वाचकास हें सांगावयाचें, कीं अंगठ्याचा दंड क्रूर आहे आणि त्याचें समर्थन कोणी करूं नये. पण त्याच प्रकरणांत, घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रिया सूत घेऊन येतात तेव्हां त्यांच्याकडे टक लावून पाहणाऱ्या अधिकाऱ्यास पूर्वसाहस, आणि वेतनाची वेळ टाळणाऱ्यास त्याहून मोठा मध्यम दंड सांगितला आहे. मजुरी उशिरां देणें हा लहानसा ढिलेपणा नसून अपराध आहे, असें तो ग्रंथ मानतो. तसेंच कारागिरांनीं संगनमतानें कामाचा दर्जा उतरविणें वगैरे केल्यास १००० पण दंड असला, तरी व्यापाऱ्यांनीं एकजूट करून माल अडविल्यास त्यांनाही १००० च पण आहे. तराजू नेहमींच समतोल नाहीं; पण दुसरें पारडें त्यास आहे, हें निंदकानें नजरेआड करूं नये.

राहतां राहिला तिसरा वाचक, म्हणजे जो स्वतः कोणास तरी कामास लावतो. ह्या ग्रंथांतून त्यास घेण्याजोगें तें थोडें आणि स्पष्ट आहे. बोली आधीं करावी आणि ती तिसऱ्याच्या कानांवर घालावी. काम मोडलें तर प्रथम कां मोडलें हें विचारावें, आणि तो प्रश्न स्वतःपासून सुरू करावा. आपल्या तंट्यांत आपण निवाडा देऊं नये. त्याच धंद्यांतील जाणता मनुष्य व ऐकणारा शेजारी यांस विचारावें. मजुरीची वेळ चुकवूं नये. आणि कर्मकर दारांत येऊन उभा राहिला म्हणजे त्याच्या हातून अजून कांहीं झालें नसलें, तरी त्यानें आपला दिवस आपल्या हवालीं केलेला आहे, हें विसरूं नये.

हें शेवटचें कलम कौटिल्याच्या विरुद्ध आहे, आणि एवढ्या मोठ्या ग्रंथकाराविरुद्ध मत देतांना संकोच वाटतो. परंतु आचार्यांचें मत त्यानें लपवून न ठेवतां आपल्या शेजारीं मांडलें, म्हणूनच आज आपणांस निवड करतां येते. प्रतिपक्षाचें म्हणणें पुसून न टाकतां तें लिहून ठेवणें, हा वाद हाताळण्याचा त्याचा धडा त्या सूत्रांतील निर्णयापेक्षां अधिक टिकाऊ आहे.